दीड इंचाची आगगाडी

लोक मुंबईला जातात ते समुद्र बघायला, राणीच्या बागेतला वाघ बघायला, नाहीतर मोठ्या डॉक्टरला पोट दाखवायला. मी चाके आणायला गेले होते. तीही आगगाडीची, आणि आगगाडी केवढी, तर आमच्या देवघरातल्या चौरंगावर मावेल एवढी. परत आल्यापासून जो भेटेल तो "मुंबईत काय काय पाहिलंत?" म्हणून विचारतो आणि मी "पितळ" म्हणाले की त्याचा चेहरा पडतो. तेव्हा एकदाच सगळे लिहून काढते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. रेल्वेच्या बंगल्यांतला एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात पायाने चालवायचे शिवणयंत्र आहे असे ऐकून मी गेले. यंत्र माझ्याआधीच एका शिंप्याने उचलले होते. गेल्यासारखे काहीतरी आणावे म्हणून मी कोपऱ्यातली एक लाकडी पेटी घेतली. हलवली की आत लोखंड वाजत होते, त्यावरून ते यंत्राचे सुटे भाग असणार असा मी माझ्यापुरता निकाल लावला. घरी येऊन उघडते तो आत आगगाडीचे इंजिन, तुकड्या-तुकड्यांत, आणि ते कसे जोडायचे त्याचा इंग्रजी नकाशा.

आमच्या घरचे कोर्टात शिरस्तेदार आहेत. त्यांनी चष्मा वर करून पेटीत पाहिले आणि म्हणाले, "छान झालं. आता माझे सदरे आगगाडीवर शिवा."

एवढे बोलले नसते तर मी ती पेटी माळ्यावर टाकली असती. पण ते बोलले, आणि मी जोडायला बसले. पहिल्या खेपेला धुराडे जिथे ड्रायव्हर उभा राहतो तिथे बसवले. दुसऱ्या खेपेला नकाशा सुलटा धरला. स्क्रू तांदळाच्या परातीत पडले ते वन्संनी निवडून दिले. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात आणि मी करते त्या प्रत्येक गोष्टीला आधी नावे ठेवून मग मदत करतात. शेवटी इंजिन उभे राहिले. पण किल्ली दिली की ज्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, ते चालायचे ती कमानच तुटलेली होती, आणि दोन डबे होते त्यांना चाके नव्हती.

तरीही त्या दिवसांत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. कानस, पक्कड, छोटी हातोडी ही काही अवघड हत्यारे नव्हेत. ज्या मुलीला काज करता येतो तिला स्क्रूही बसवता येतो. शाळेच्या मागे एक खोली आहे, तिच्यात मोडकी बाके आणि जळण भरलेले असते. ती मुलींच्या हत्यारकामाला द्या, असे मी शाळेच्या कमिटीपुढे सांगितले.

कमिटीचे सेक्रेटरी रावसाहेब म्हणाले, "मुलींना हातोडी कशाला? शाळेच्या प्रदर्शनाला दरवर्षी लोकरीचे पोपट करतात ते काय वाईट आहेत?"

मी म्हणाले, "यंदाच्या प्रदर्शनात पोपट नाहीत. आगगाडी आहे. धावणारी. मुलींनी जोडलेली."

"धावणारी?"

"फेरा घालणारी."

"धावली तर खोली तुमची," रावसाहेब म्हणाले. "नाही धावली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, बाई."

मी बरे म्हणाले. खाली मान घालून नव्हे, चांगले ताठ मानेने. गाडीला चाके नव्हती आणि कमान तुटलेली होती हे सांगायला मला आठवले नाही.

निघण्यापूर्वी मी रुळांची व्यवस्था लावली. इंजिनाच्या चाकांवरून, दोन रुळांत अंतर किती हवे ते पाहिले आणि कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. एक मल्लप्पा तांबटाला दिली. सागवानी फळीवर पितळी पट्ट्यांचे गोल रूळ करायचे काम त्याच्याकडे होते.

"पट्टी जेवढी, अंतर तेवढं. कमी नाही, जास्त नाही," मी बजावले.

"आयतु, बाई, आयतु," मल्लप्पा म्हणाला. म्हणजे कानडीत झाले असे समजायचे.

दुसरी पट्टी पर्समध्ये ठेवली, इंजिन कापसात गुंडाळून पितळी डब्यात ठेवले आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही दोघी निघालो. बायकांनी एकटीने जाऊ नये असे वन्संचे मत, आणि त्यांच्या लेकीला गिरगावात भेटायचे हेही त्यांचेच मत.

कुर्डुवाडीपासून दौंडपर्यंत

सोलापूर सोडले की दोन्ही अंगांना उभी ज्वारी, मधे एखादी बाभळ, पुन्हा ज्वारी. ज्यांना डोंगर-दऱ्यांची हौस आहे त्यांनी हा भाग झोपून काढावा. मला मात्र तो आवडतो. नजर अडत नाही.

कुर्डुवाडीला बायकांच्या डब्यात एक केमची बाई चढली. आधी तीन गाठोडी आली, मग एक कोंबडी, मग ती. बार्शीहून लहान गाडीने येऊन तिला इथे गाडी बदलावी लागली होती आणि त्याचा राग अजून ताजा होता.

"लई तरास बगा," ती बसायच्या आधीच म्हणाली. "हितं उतरायचं, गटुडी हमालाच्या डोक्यावर, हमाल म्होरं अन् मी मागं. ती बारकी गाडी सरळ केमला का न्हाय जात?"

मी तिला समजावले की बार्शीच्या गाडीचे रूळ अरुंद, या गाडीचे रुंद. ती या रुळांवर चालायची नाही.

"मग ह्यातच आजून एक टाकायचा की," ती म्हणाली. "दोन हायेत, तीन टाका. बारकी एका अंगानं जाईल."

मी हसले. नुसती हसले असते तरी चालले असते, पण मी शिक्षिका. नुकतेच एक इंजिन जोडल्यामुळे रेल्वेच्या साऱ्या शास्त्रावर माझा हक्क झाला होता. रूळ म्हणजे काय, त्यांतले अंतर किती महत्त्वाचे, त्यात एका सुताची चूक झाली तर काय अनर्थ होतो, हे मी केम येईपर्यंत सांगत होते. ती "व्हय, व्हय" म्हणत होती. केमला गाठोडी खाली टाकून, कोंबडी काखेत घेऊन ती उतरली आणि खिडकीतून वन्संना म्हणाली, "तुमच्या बाई लई बोलत्यात, न्हाय का?"

"तुम्ही एकच स्टेशन ऐकलंत," वन्सं म्हणाल्या.

दौंडला गाडी बराच वेळ थांबते. वन्संनी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि घट्ट दही काढले. आमच्याकडची कडक भाकरी परगावच्या माणसाला पापडासारखी वाटते; तो ती मोडतो आणि मग उरलेली कशी खायची ते शोधत बसतो. आम्ही जेवत असताना तिकीट तपासनीस दारात आला. त्याची नजर वन्संच्या मांडीवरच्या पितळी डब्यावर गेली, कारण वन्संनी तो दोन्ही हातांनी असा धरला होता की आत दागिने आहेत असेच कुणालाही वाटावे.

"यात काय आहे, आजी?"

"इंजिन," वन्सं म्हणाल्या.

त्याने एकदा डब्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे. "इंजिन गाडीच्या पुढं असतं, आजी."

"ते तुमचं. हे आमचं."

मग डबा उघडून दाखवावा लागला. त्याने हात मागे बांधून ते इंजिन पाहिले, जाताना म्हणाला, "याचं तिकीट नाही लागत," आणि पुढच्या डब्याकडे गेला. पण त्याने आणखी दोघांना बघायला पाठवले. शिट्टी होईपर्यंत आमच्या खिडकीशी गर्दी होती आणि माझे दही तसेच राहिले.

पुणे

पुण्यात आमचा मुक्काम आमच्या घरच्यांच्या चुलतभावाकडे होता. आमटीत गूळ घालतात हे मला माहीत होते, पण किती घालतात ते विसरले होते. वन्संनी पानात आमटी घेतली की शेजारी गुपचूप चटणी घ्यायची, अशी युक्ती काढली. दुसऱ्या जेवणाला चुलतभावाच्या घरातल्या मंडळींनी ती पाहिली, आणि चटणीचा डबा त्या घरात कायमचा राहिला.

पोहोचल्याबरोबर इंजिन एका घड्याळजीकडे दिले. त्याने ते उघडले, तुटकी कमान चिमट्याने वर काढली, आणि मोठ्या गजराच्या घड्याळाची कमान कापून बसवतो म्हणाला. मुंबईहून परत येताना घेऊन जा. तोवर इंजिन त्याच्या टेबलावर पोट फाडून पडलेले.

मग चाके. बुधवार पेठेत एका जिन्याखाली पेंडसे म्हणून गृहस्थांचे दुकान आहे असे कळले होते. दुकान कसले, फडताळ. मोडक्या खेळण्यांचे सुटे भाग तिथे मिळतात. एका खणात किल्ल्या, एका खणात लाकडी घोड्यांच्या शेपट्या आणि एका खणात नुसते बाहुल्यांचे डोळे. वन्सं त्या खणाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पेंडसे साठीचे, गळ्यात लोकरी मफलर, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. गिऱ्हाईक आले याचे त्यांना मुळीच कौतुक दिसले नाही.

मी पट्टी पुढे केली. "या मापाची चाकं हवीत, आसासकट. दोन डब्यांची."

त्यांनी पट्टी पितळी मोजपट्टीवर धरली. "दीड इंच."

"असेल."

"असेल नाही, आहे. आणि दीड इंचाची गाडी नसते, बाई. सव्वा इंचाची असते. ही घ्या सव्वाची चाकं."

"माप मी इंजिनावरूनच घेतलंय."

"मग इंजिन आणा."

"ते घड्याळजीकडं उघडून पडलंय."

"मग मिटल्यावर या."

"उद्या सकाळी आम्हाला मुंबईला जायचंय."

"मुंबईहून आल्यावर या. चाकांना पाय नाहीत, इथंच असतील." त्यांनी पट्टी उलटी-सुलटी केली. "या दोन रेघा कसल्या? टोकांजवळच्या?"

"त्या हाताच्या सवयीच्या. त्यांचा आगगाडीशी काही संबंध नाही."

"बाई, मी जन्मभर चाकं विकतोय."

"आणि मी जन्मभर मापं घेतेय. माझ्या मापाचा कपडा आजवर कुणाला घट्ट झालेला नाही."

"घट्ट नसेल झाला," पेंडसे म्हणाले, "सैल झाला का ते सांगा."

मी पट्टी त्यांच्या हातून काढून घेतली आणि जिन्याबाहेर आले. बाहेर येऊन वन्संना पुण्याच्या दुकानदारांविषयी पुष्कळ ऐकवले. गिऱ्हाईक मागते ते द्यायचे सोडून त्याला शिकवत बसायचे, ही कुठली रीत? आमच्याकडे मल्लप्पा बघा, एका शब्दाने उलट बोलला नाही. वन्सं तोवर भाजी घेत होत्या.

घाट आणि मुंबई

घाटाविषयी लिहायचे तर मला आधी वन्संविषयी लिहिले पाहिजे. त्या पूर्वी एकदा या वाटेने गेल्या होत्या, तेव्हा डोळ्यात कोळसा जाऊन डोळा आठवडाभर सुजला होता. म्हणून लोणावळ्याला त्यांनी पदर डोळ्यांवरून बांधून घेतला. बोगद्यामागून बोगदे गेले, दऱ्या गेल्या, दूर खाली झोपड्या दिसल्या, आणि मी "वन्सं, बघा तरी" म्हणत राहिले. "आधी धूर जाऊ दे," त्या म्हणत. कल्याणला पदर सोडला तेव्हा मी सांगितले की पुण्यापासून गाडीला विजेचे इंजिन आहे, धूर नाहीच.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मलाही आत्ताच कळलं," मी म्हणाले. ते खरे होते. पूर्ण वाटभर मीही खिडकीशी नाकाला रुमाल लावून बसले होते.

मुंबईत वन्संची लेक गिरगावात चाळीत राहते. दोन खोल्या, नळाला पाणी यायची वेळ ठरलेली, आणि त्या वेळेला अख्खी चाळ शेजारणीशी बोलायला बाहेर येते. सोलापुरात आडावर बायका पाणी काढता काढता बोलतात. इथे बोलता बोलता पाणी भरतात. जेवणात सगळीकडे नारळ. जावईबापूंनी आमची शेंगांची चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आले, पाणी प्यायले आणि पुन्हा चाखली. आम्ही निघेपर्यंत ते रडत होते आणि खात होते. चटणीचा दुसरा डबा तिथे संपला.

चाकांसाठी दोन दिवस फिरले. चोरबाजारात एका माणसाने मला खऱ्या रेल्वेचा कंदील, घोड्याचा नाल आणि एका अनोळखी घराण्याची चांदीची अत्तरदाणी दाखवली. चाके नाहीत म्हणाला, पण अत्तरदाणीला चाके लावून देईन म्हणाला. दुसऱ्याकडे चाके होती, पण ती खेळण्यातल्या मोटारीची, रबराची. एका दुकानात अख्खी गाडी काचेत धावत होती. दुकानदाराने विचारले, "मुलासाठी?" मी म्हणाले, "शाळेसाठी." तो म्हणाला, "मुलाच्या शाळेसाठी?" मी पुढे गेले. तिथेही सुटी चाके मिळत नव्हती. आणि मिळाली असती तर ती सव्वा इंचाचीच असती, हे मला आज कळते.

शेवटी भुलेश्वराच्या एका गल्लीत छगनभाई मिस्त्री भेटले. छोटासा लेथ, पायाशी पितळेचा कीस आणि तोंडात विडा. मी पट्टी दिली.

"बेन, तुम जो माप देगा, वो माप हम देगा," ते म्हणाले. रेघा कसल्या, गाडी कुणाची, काही विचारले नाही. लेथ फिरला, पितळ सोन्यासारखे निघत गेले, आणि आसावर चाके ठोकून बसवली. मी पट्टी लावून पाहिली. तंतोतंत.

"याला म्हणतात कारागीर," मी वन्संना म्हणाले. "त्या पेंडशांना इथं आणून दाखवायला हवं."

परतताना पुण्याला उतरून घड्याळजीकडून इंजिन घेतले. त्याने किल्ली दिली आणि टेबलावर ते असे सुटले की त्याचा चहा सांडला. माझा ऊर भरून आला. चाके ट्रंकेत तळाशी होती, ट्रंक टांग्यात होती, आणि सोलापूरची गाडी धरायची होती. ती दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत असे मला सुचलेच नाही. सुचले असते तर बुधवार पेठ तिथून हाकेच्या अंतरावर होती.

पुन्हा सोलापूर

घरी पोहोचले तेव्हा प्रदर्शन परवावर आले होते. मल्लप्पाने फळी आणून ओसरीवर ठेवली होती. काम देखणे होते. सागवान घासून तुळतुळीत, पितळी रूळ चकचकीत, वळण गोल. शिवणाच्या वर्गातल्या मोठ्या मुली बघायला आल्या. मुंबईची चाके डब्यांना लावली, डबे रुळांवर ठेवले आणि बोटाने ढकलले. ते घरंगळत पूर्ण फेरा घालून आले. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मग मी इंजिन ठेवले.

इंजिन दोन रुळांच्या मधे खाली बसले. पडले नाही, घसरले नाही. उंबऱ्यात पाटावर बसावे तसे नीट, सरळ, फळीवर बसले. मी उचलून पुन्हा ठेवले. पुन्हा बसले. किल्ली दिली तेव्हा ते रुळांच्या मधल्या आडव्या पट्ट्यांवरून खडखडत दोन वीत गेले आणि अडकले.

मुलींनी टाळ्यांचे हात खाली घेतले. आमच्या घरचे आतून बघत होते, त्यांनी या वेळी टोमणाही मारला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मी पर्समधून पट्टी काढली. टोकांजवळच्या त्या दोन रेघा पाहिल्या, आणि तिथेच ओसरीवर बसले.

ज्या बायका शिवतात त्यांना हे केव्हाच कळले असेल. माप घेतले की आपण शिवणीची रेघ मारतो, आणि रेघेच्या बाहेर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, माया सोडून कापतो. इंजिनाचे माप सव्वा इंच होते. मी सव्वा इंचावर रेघा मारल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंना एकेक सूत माया सोडून कागद कापला होता. आगगाडीला माया सोडली होती. त्या मापाचे रूळ झाले, त्या मापाची चाके मुंबईच्या लेथवर झाली, आणि इंजिन तेवढे, माझा हात न लागल्यामुळे, सव्वा इंचाचे राहिले. पेंडशांनी तर रेघांवर बोट ठेवून विचारले होते.

मल्लप्पाकडे माणूस पाठवला. तो अक्कलकोटला मेहुणीच्या लग्नाला गेला होता.

"उसवून पुन्हा घाल," वन्सं म्हणाल्या. "एक रूळ आत घे. चोळी सैल झाली तर काय करतेस?"

"रूळ आत घेतला तर इंजिन चालेल, पण मग डबे बसणार नाहीत. त्यांची चाकं दीड इंचाची, आसावर ठोकून बसवलेली. ती आत सरकत नाहीत." मी पक्कड लावून पाहिली होती, पक्कड वाकली.

"मग इंजिन एकटंच पळव."

"रावसाहेब म्हणतील, ही आगगाडी की पिसाळलेला बंब?"

वन्सं चटणीसाठी शेंगदाणे निवडत होत्या. दोन डबे वाटेत संपले होते ना. त्या निवडता निवडता म्हणाल्या, "ती केमची बाई काय म्हणत होती? कोंबडीवाली? तू तिला इतकं बोललीस की तिचं मीच ऐकलं. दोन आहेत, तीन टाका म्हणाली."

मी त्यांच्याकडे पाहिले. मग फळीकडे.

मल्लप्पाच्या उरलेल्या पितळी पट्ट्या फळीला बांधूनच होत्या. बाहेरच्या रुळापासून सव्वा इंचावर तिसरा रूळ, म्हणजे आतल्या रुळापासून दोन सूत अलीकडे. डबे दोन्ही कडांच्या रुळांवरून जातील, इंजिन बाहेरच्या आणि या मधल्या रुळावरून, एका अंगाने. मी मुलींना कामाला लावले. मथुरा नावाची मुलगी, जिला टीप सरळ घालता येत नाही म्हणून मी वर्षभर बोलत होते, तिने हातोडी घेतली आणि एकही खिळा वाकडा केला नाही. मी तीन वाकडे केले. माप घेताना मी दर वेळी आधी हात मागे घेत होते, न जाणो पुन्हा माया सोडली तर. शेवटी वन्संनी इंजिनच रुळांवर धरले आणि म्हणाल्या, "कागद नको. हेच माप."

दोन सुतांच्या फटीत डब्यांची चाके घासून किंचाळत होती. वन्संनी समईचे तेल लावले. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत गाडीने पहिला फेरा घातला. इंजिन डब्यांच्या बरोबर पुढे नव्हते, थोडे एका बाजूला होते. रस्त्याने भांडून निघालेल्या नवरा-बायकोसारखे दिसत होते. पण जात होते.

प्रदर्शन

त्याच संध्याकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत गाडी मांडली. भोवती मुलींनी कागदी झाडे लावली, काड्यापेटीचे स्टेशन केले. मथुरेने विचारले, "बाई, स्टेशनचं नाव काय लिहू?" मी क्षणभर विचार केला आणि सांगितले.

सकाळी रावसाहेब मंडळींसह आले. त्यांच्यामागे आमच्या घरचेही होते, खास रजा काढून. मी मुलींना सांगून ठेवले होते की काही झाले तरी कुणी हसायचे नाही. मथुरेने किल्ली दिली.

गाडी निघाली. पहिला फेरा. दुसरा फेरा. वळणावर डबे थोडे किंचाळले, वन्सं मागून तेलाची वाटी घेऊन पुढे सरकल्या, मी त्यांना पदराने अडवले. रावसाहेब वाकले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले.

"बाई, हे इंजिन असं एका बाजूनं का चालतंय? आणि रूळ तीन कसे?"

सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली. मी काड्यापेटीच्या स्टेशनाकडे बोट दाखवले. त्यावर मथुरेच्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते: कुर्डुवाडी.

"जंक्शन आहे, रावसाहेब. मोठी रेल्वे आणि बार्शीची लहान, दोन्ही एकाच मार्गावर दाखवल्यात."

रावसाहेबांनी मान डोलावली. मग ते मंडळींकडे वळले आणि कुर्डुवाडीला माल कसा एका गाडीतून दुसरीत भरावा लागतो, प्रवाशांचे कसे हाल होतात, आणि तिसरा रूळ टाकावा असे आपलेच मत कसे पूर्वीपासून आहे, ते सविस्तर सांगू लागले. ते बोलत असतानाच कमान संपली आणि गाडी थांबली. स्टेशनासमोर नव्हे, स्टेशनापासून वीतभर अलीकडे. पण ते पाहायला कुणी मोकळे नव्हते.

"खोलीतलं जळण उद्या काढून घेतो," जाताना रावसाहेब म्हणाले. "पुढल्या वर्षी पंढरपूरपर्यंत लाईन न्या."

घरी येताना आमच्या घरच्यांनी चष्मा वर केला. मग म्हणाले, "कुर्डुवाडी आधीपासूनच होती का हो?"

"काल संध्याकाळपासून," मी म्हणाले.

पुन्हा पुणे

खोली मिळाली. मोठे टेबल आले, कानशी आल्या, मथुरेने मोडक्या बाकांच्या फळ्या पाडून फडताळ केले. मुलींना आपापले डबे जोडायचे होते, म्हणजे चाके हवी होती. म्हणून होळीच्या सुटीत मी पुन्हा पुण्याला गेले. वन्संनी या वेळी चटणीचे तीन डबे घेतले.

जिन्याखाली पेंडसे तसेच होते, मफलर तेवढा काढला होता. मी काही न बोलता इंजिन त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सव्वाच्या चाकांची जोडी काढली, इंजिनाशेजारी ठेवली. दोन्हींची चाके एका रेघेत आली.

"पट्टी कुठाय?" त्यांनी विचारले.

"घरी ठेवून आले."

ते चाके कागदात बांधू लागले. बांधता बांधता म्हणाले, "रेघेबाहेर माया सोडली होतीत. आमच्या घरी शिवणाचंच काम आहे, मला बघताक्षणी कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारले.

पेंडशांनी पुडीला गाठ मारली, दोरा दाताने तोडला, आणि माझ्याकडे नव्हे, वन्संकडे पाहिले.

"बोलू दिलं असतं," वन्सं म्हणाल्या, "तर बोलले असते."